बॉक्सची चप्पल

आमच्या चाळीत टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सची चप्पल वेगळी असते. ती बाहेर घालायची नाही, संडासला न्यायची तर नाहीच. रबरी, जाड तळाची, टीव्हीच्या फळीखाली कायमची ठेवलेली. बॉक्सला हात लावायचा तर आधी ती पायात सरकवायची. घरात नवखा पाहुणा आला आणि चॅनल लागत नाही म्हणून त्यानं बॉक्सकडं हात नेला, की लहान पोरंसुद्धा सांगतात, "काका, चप्पल." काका म्हणतात, "घरात कशाला चप्पल?" मग काकांना झिणझिण्या येतात, सगळे हसतात आणि चहा येतो.

मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही, म्हणून चाळीत मला पत्रकवाली म्हणतात.

चाळ अंबरनाथ पूर्वेला, पालेगावकडं जाताना लागते. मागं टॉवर उभे राहिलेत, त्यांच्या गेटवर कारंजी आहेत, रात्री त्यांत रंगीत दिवे लागतात. आमच्या चाळीला अर्थिंग नाही. अर्थिंग म्हणजे काही चैन नाही. कुठं करंट गळला तर तो माणसाच्या अंगातनं न जाता सरळ जमिनीत जावा, म्हणून बोर्डापासून मातीपर्यंत नेलेली एक वायर, बस. आमच्या बोर्डांना तीन भोकं आहेत. तिसऱ्यामागं काहीच नाही, ते शोभेला आहे. काही खोल्यांत तर प्लगसुद्धा नाही, वायरची टोकं सोलून काडेपेटीच्या काड्यांनी भोकात दाबलेली असतात. माणसं अशा बोर्डाखाली अंथरूण घालून झोपतात, त्यावर मोबाइल चार्ज करतात, पोरांना अभ्यासाला बसवतात. आणि वर्तमानपत्रात कुणी शॉक लागून गेल्याची बातमी आली की म्हणतात, बिचाऱ्याचं नशीब.

नशीब नाही. वायर नाही.

माझी आत्या आमच्या शेजारच्या खोलीत राहते. वडिलांची थोरली बहीण. औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती, तिथंच डोळे गेले म्हणते ती. गेले म्हणजे अंधुक झाले. नवरा वारला, मूलबाळ नाही. जेवण आमच्याकडं, पण झोपणं, उठणं, बसणं स्वतःच्या खोलीत. या बाबतीत कुणाचं ऐकत नाही.

तिच्या खोलीला एकच कोरडी भिंत आहे, आमची आणि तिची सामाईक. एका बाजूला दार, एका बाजूला मोरी, मागच्या भिंतीला वर्षभर ओल. त्यामुळं जे काही जपायचं ते सगळं त्या एका भिंतीवर. विजेचा बोर्ड तिथं, केबल तिथनंच आत आलेली, कडाप्प्याची फळी तिथं, फळीवर टीव्ही आणि बॉक्स. आणि त्याच्या बरोबर वर दोन तसबिरी, एक तथागतांची आणि एक निळ्या कोटातली. खोली घेतली त्या दिवशी तिच्या नवऱ्यानं स्वतः खिळे ठोकले होते. संध्याकाळी ती हातपाय धुऊन फळीवर मेणबत्ती लावते, वाटीतलं पाणी बदलते, त्यात चाफा नाहीतर झेंडू सोडते आणि वंदना म्हणते. वंदना झाली की तोच ओला हात पुसून टीव्ही लावते. बॉक्स वाटीपासून वीतभर लांब.

आणि चप्पल नाही. सगळ्या चाळीत बॉक्सची चप्पल नसलेलं ते एकच घर.

"आत्या, चप्पल घालत जा."

"कुणासमोर घालू?" ती वर बघायची. "ज्यांनी आपल्याला माणसात आणलं त्यांच्यापुढं पायात चप्पल घालून उभी राहू?"

"मग बॉक्सला हात लावू नको."

"तो अडकतो त्याचं काय? तू येणारेस का धावत प्रत्येक वेळी, पत्रकं वाटायची सोडून?"

बॉक्स अडकतो हे खरं होतं. आमच्याकडं सगळ्यांचेच अडकतात. चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो, मग पडदा निळा. चाळीत यावर एकच औषध आहे. बॉक्सच्या मागं केबलची पितळी चकती असते, ती फिरवून केबल काढायची आणि परत लावायची. बायका हे काम फोडणीच्या मधे येऊन करतात.

मी ज्या संघटनेत आहे तिथं आम्ही पत्रकं काढतो. पाण्यावर, रेशनवर, भाडेकरूंच्या हक्कांवर. मी म्हटलं, बॉक्सवर काढू. कार्यकर्ते हसले. एक म्हणाला, "देश कुठं चाललाय आणि तू सेट-टॉप बॉक्स घेऊन बसलीस." मी म्हटलं, देश कुठं चाललाय ते लोक त्याच बॉक्समधून बघतात, बघताना मरू नयेत एवढंच म्हणतेय. तेव्हा कुठं एका पानाची परवानगी मिळाली.

मी साधं लिहिलं. बॉक्सवर विणलेला रुमाल घालू नका, तो तापतो, त्याला श्वास घेऊ द्या. टीव्हीच्या डोक्यावर ठेवू नका. पाणी, मेणबत्ती, समई, अगरबत्ती जवळ नको. बॉक्सबरोबर आलेला ॲडॅप्टरच वापरा, बाजारातला कुठलाही लावू नका. केबल काढण्याआधी बोर्डाचं बटण बंद करा, प्लग काढा. विजा चमकत असतील तर केबलही काढून ठेवा, पण विजा सुरू होण्याआधी. बॉक्स स्वतः उघडू नका. आणि चप्पल हा उपाय नाही. झिणझिण्या येत असतील तर बॉक्स बंद ठेवा, जाणत्या इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंग करून घ्या.

पत्रक घरोघर दिलं. चाळीतल्या एका काकूंनी ते दारात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "बॉक्सभोवती हवा खेळती ठेवा. अगं बाई, आमच्याभोवती नाही हवा खेळती, बॉक्सला कुठनं आणू?" दुसरीनं विचारलं, "अर्थिंग कुठं करू, पोटमाळ्यावर?" लोकांनी पत्रक वाचलं हे मी विजय धरलं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या घरांत ते बॉक्सखालीच अंथरलेलं होतं, फळीला डाग पडू नयेत म्हणून.

आत्याला मी वाचून दाखवलं, कारण तिला बारीक अक्षर दिसत नाही. तिनं वाटी आणि मेणबत्ती फळीच्या दुसऱ्या टोकाला सरकवली. रुमाल काढला. "बटण बंद करून मग केबल, लक्षात ठेवीन," म्हणाली. चप्पल सोडून बाकी सगळं ऐकलं तिनं. चाळीत पत्रक कुणी पाळलं असेल तर तिनं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, वंदना झाल्यावर, तिचा बॉक्स अडकला. मी आमच्या खोलीत होते. भिंतीपलीकडं टीव्हीचा आवाज तुटला आणि पाठोपाठ भांडं पडल्यासारखा आवाज आला. मी गेले तर ती मोरीच्या कठड्याला पाठ लावून खाली बसलेली, उजवा हात डाव्या हातानं धरलेला, तोंड पांढरं. केबल फळीवरून लोंबत होती. मी आधी बोर्डाकडं धावले. बटण बंद होतं. प्लगही काढून बाजूला ठेवलेला.

"तू लिहिलंस तसंच केलं मी," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही. मला नीट कळावं म्हणून.

मग म्हणाली, "मेणबत्ती पडली नाही ना बघ."

दवाखान्यात सांगितलं, जीव वाचला. खांदा निखळला होता तो बसवला. बोटांचं म्हणाले, बघू. उजव्या हाताची मूठ तिला अजून वळवता येत नाही. भाकरी थापायची तिची सवय होती, आमच्याकडं जेवायला आली तरी स्वतःची भाकरी स्वतः थापायची. ते बंद झालं.

मी टेस्टर आणला. तिच्या खोलीचा मेन स्विच पाडला, अंधार केला आणि त्या लोंबत्या केबलच्या पितळी चकतीला टेस्टर टेकवला. दिवा लागला. खोलीत वीज नव्हती आणि दिवा लागला. म्हणजे करंट आत्याच्या घरातला नव्हताच, केबलमधनं चालत आला होता. चाळीच्या मधोमध एका खोलीच्या पोटमाळ्यावर केबलवाल्यानं बूस्टर बसवलाय, सगळ्यांना चित्र स्वच्छ दिसावं म्हणून. त्याला वीज त्या घरातली. तो बूस्टर गळत असणार. आणि केबलच्या आतली जाळी धातूची, एका घरातनं दुसऱ्या घरात न तुटता गेलेली. सगळ्यांच्या घरी एकच सीरियल पोचते तसाच एकाच्या पोटमाळ्यावरचा दोष सगळ्यांच्या फळीवर पोचतो. बटण बंद करा, प्लग काढा, असं बॉक्सच्या खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं, ते बरोबरच आहे. तो कागद अर्थिंग असलेल्या घरांसाठी लिहिलाय. आपण गृहीत धरलेलो नाही.

मी शेअर रिक्षा करून उल्हासनगरला केबलवाल्याच्या ऑफिसात गेले. जीन्स शिवणाऱ्या गाळ्यांच्या गल्लीत, माडीवर. मालक पन्नाशीचा, समोर चार टीव्ही चालू, आवाज सगळ्यांचे बंद.

"देखो ताई," तो म्हणाला, "केबलमध्ये करंट असतो काय? केबलमध्ये पिक्चर असतो."

मी टेस्टरचं सांगितलं.

"बरोबर. तुमच्या चाळीतला करंट माझ्या केबलमध्ये येतो. उलट नुकसान माझं. माझे बॉक्स जळतात. मी कोणाकडे जाऊ?"

"बूस्टर तुमचा आहे."

"बूस्टर माझा, वीज तुमची, वायरिंग मालकाची. आता बोला, शॉक कोणाचा?"

"माझ्या आत्याचा," मी म्हटलं. "तिला लागला."

तो काही वाईट माणूस नव्हता. त्यानं चहा मागवला. मग म्हणाला, "पूरी लाइन बदलनेवाला है. फायबर येतोय. काच असते त्यात, करंट जाणारच नाही."

"कधी?"

"येतोय ना." मग दारापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "तोपर्यंत त्यांना सांगा, चप्पल घालत जा म्हणून."

चाळीचा मालक इथल्याच जुन्या शेतकरी घरातला. चाळ त्याच्या बापानं शेताच्या तुकड्यावर बांधली. तो आता जमिनीच्या व्यवहारात असतो. पांढरी गाडी, गाडीतच ऑफिस. त्यानं काच खाली केली. मी अर्थिंगचं बोलले. तो म्हणाला, "बाय, चाळ पाडायचीय. उद्या पडणाऱ्या घराला आज इंजेक्शन कशाला देऊ?"

"मी शाळेत होते तेव्हापासून उद्याच पाडताय."

"मग झालीस ना मोठी, इथंच राहून?" हसला आणि काच वर केली. केबलऐवजी डिश बसवू का विचारायला मी काचेवर टकटक केली, तर आतनंच मान हलवली. पत्र्यावर चढायचं नाही.

वीज कंपनीच्या कार्यालयात एका खिडकीतनं दुसऱ्या खिडकीत गेल्यावर एका साहेबानं एका वाक्यात निकाल दिला. "मीटरपर्यंत आमचं, मीटरच्या पुढं तुमचं." मी विचारलं, तुमचं म्हणजे कुणाचं. ते म्हणाले, "ते तुम्ही आपसात ठरवा."

तिघांनी मिळून मला एक गोष्ट नीट शिकवली. करंटला मालक नसतो. वीज वापरली की बिल बरोबर नावावर येतं, पण तीच वीज अंगातनं गेली की ती कुणाचीच नसते. मी संघटनेत हे बोलून दाखवलं तर सगळ्यांनी मान डोलावली, आणि पुढचा विषय निघाला.

मग मी ठरवलं, आपणच अर्थिंग करू. संघटनेतला एक वायरमन तयार झाला. आत्याच्या दारासमोर खड्डा घेऊन सळी पुरायची, तिथनं तिच्या बोर्डाला तार. आम्ही पहार मारायला सुरुवात केली न केली तोच मालकाचा माणूस आला. खड्डा म्हणजे बांधकाम, बांधकाम म्हणजे परवानगी. शेजारच्या काकूंनाही भीती वाटली. "आमच्या दारात करंट पुरताय का? पोरं खेळतात इथं." मी समजावत बसले, जमिनीत गेलेला करंट कसा निवतो ते. वायरमन घड्याळ बघत होता. शेवटी तो म्हणाला, "ताई, तसंही बूस्टर दुरुस्त झाल्याशिवाय एकट्या घराचं अर्थिंग करून भागणार नाही. सगळ्या चाळीचा करंट म्हातारीच्याच तारेनं उतरायला बघेल." त्यानं उकरलेली माती परत पायानं लोटली.

बूस्टर ज्यांच्या पोटमाळ्यावर होता त्यांच्याकडंही गेले. निदान त्याचा प्लग तरी काढू द्या म्हटलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. प्लग काढला. पडदे निळे झाले, आणि चहा उकळायच्या आत सगळी चाळ त्यांच्या दारात. "पत्रकवाली, क्रिकेट चालू आहे." प्लग परत लावला गेला. कुणी लावला मी बघितलं नाही. बघून काय करणार होते?

मग मी माझ्या हातात होतं ते केलं. आत्याची केबल खिडकीबाहेर पक्कडीनं तोडली. म्हटलं, आता निदान हिला तरी धोका नाही.

ती जेवायला आली, डाव्या हातानं चमच्यानं भात खाल्ला, गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी तिच्याकडं डोकावले तर ती पलंगावर बसून बंद टीव्हीकडं तोंड करून होती.

"मोबाइल देते, त्यावर बघ," मी म्हटलं.

"मला तुझा चेहरा दिसत नाही नीट, मोबाइलमधले कुठनं दिसणार?"

"आमच्याकडं येऊन बस मग."

"बसते ना. पण तुम्ही सगळे आपापल्या कामात. तुझा बाप पेपरात, तू तुझ्या मीटिंगात. तिथं बसले की मी पाहुणी." मग म्हणाली, "तू माझी काळजी करतेस, मला कळतं. पण संध्याकाळपासून झोपेपर्यंत माझ्याशी कोण बोलतं, सांग."

"टीव्हीशी कोण बोलतं?"

"मी नाही बोलत. तो बोलतो."

केबल पुन्हा जोडली गेली. तिनं केबलवाल्याच्या माणसाला सांगून जोडून घेतली, मी बाहेर गेले असताना. माणसानं जोडताना पायात चप्पल घातली असणार. स्वतःची.

मी लाकडी पाट दिला, त्यावर उभी राहून हात लाव म्हणून. मोरी जवळ, पाट दोन दिवसांत ओला झाला, आणि ती त्याला अडखळून पडता पडता वाचली. रबरी हातमोजे दिले, वळत नसलेल्या बोटांत ते जाईनात. बॉक्स फळीवरून दुसरीकडं हलवायला गेले तर केबल पुरेना, आणि पुरली असती तरी पुढं ओली भिंत. शेवटी आमचं भांडण झालं. मी म्हटलं, तुझ्या हट्टापायी मरशील. तिनं शांतपणे विचारलं, "हट्ट माझा का गं? सगळ्यांना सोडून माझाच का?"

 मालकानं जे द्यायचं नाकारलं ते मी तिच्याकडनं मागत होते.

एका रविवारी दुपारी तिनं मला हाक मारली. स्टूल धर म्हणाली. मला वाटलं जळमटं काढायचीत. ती स्टुलावर चढली आणि डाव्या हातानं निळ्या कोटातली तसबीर खिळ्यावरून उचलायला लागली. उजवा हात साथ देत नव्हता. मी म्हटलं, "काय करतेस?"

"धर."

मी धरली. मग दुसरी धरली. तिनं दोन्ही काचा पदरानं पुसल्या, कडेची धूळ फुंकली, आणि म्हणाली, "तुमच्या भिंतीला लाव. मी येत जाईन संध्याकाळी."

"आत्या, याची गरज नाही."

"आहे. तूच म्हणतेस ना, अनवाणी हात लावू नको. त्यांच्यासमोर मला चप्पल घालवत नाही, आणि टीव्हीशिवाय मला राहवत नाही. आता तू सांग, तिसरं काय आहे?"

तिसरं मी सांगितलं होतंच, सगळीकडं, लेखी आणि तोंडी. अर्थिंग. तो शब्द मी त्या दुपारी उच्चारला नाही.

आमच्या भिंतीवर आमच्या दोन तसबिरी आधीच होत्या. शेजारी तिच्या दोन लावल्या. वडिलांनी खिळे ठोकले. संध्याकाळी ती पाय धुऊन आली, आमच्या घरात आमच्या चटईवर बसून वंदना म्हटली, आणि घरी गेली. घरी गेली आणि चप्पल घातली. भिंतीपलीकडनं मला रबराचा आवाज ऐकू आला, फरशीवर फटक फटक.

चाळीला केवढं बरं वाटलं. काकू म्हणाल्या, "ऐकलं बाई म्हातारीनं एकदाचं. पत्रकवालीचं यश म्हणायचं." संघटनेच्या बैठकीत कुणीतरी सुचवलं की हा अनुभव पुढच्या पत्रकात घालावा, लोकांना उदाहरण पटतं. मी म्हटलं, कसलं उदाहरण? ते म्हणाले, "बदल घडू शकतो याचं." मी बैठकीतनं उठले. कुणी थांबवलं नाही, त्यांना वाटलं चहा सांगायला गेले.

बूस्टर तिथंच आहे. टेस्टरचा दिवा अजून लागतो, मी अधूनमधून लावून बघते. आणि चप्पल हा उपाय नाही, हे मी स्वतः लिहिलंय. चप्पल ओली झाली तर संपलं. पायात असली आणि दुसरा हात ओल्या भिंतीला टेकला तरी संपलं. परवा आत्या चप्पल घालून बॉक्सची चकती फिरवत होती, तोल सावरायला तिचा वळत नसलेला हात कोपऱ्यात मागच्या ओल्या भिंतीला टेकलेला. मी दारातनं म्हटलं, "आत्या, भिंतीला हात नको. नुसत्या चपलेनं भागत नाही."

ती थांबली. चकती सोडली, वळली आणि माझ्याकडं बघितलं, म्हणजे मी जिथं असेन असं तिला वाटलं तिकडं.

"अजून काय काढू गं भिंतीवरनं?" म्हणाली.

मी आत गेले, तिच्या पायातली चप्पल मागून घेतली, माझ्या पायात घातली आणि केबल लावून दिली. चित्र आलं. ती पलंगावर जाऊन बसली.